पत्त्यांपेक्षा मन सांभाळणे कठीण : पोकरच्या टेबलावरचा संयम

सुरत शहराच्या दक्षिणेकडील बमरोली, पांडेसरा, उधना हा यंत्रमागांचा पट्टा. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली आहेत. या पट्ट्यातील एखाद्या हौशी खेळाडूस पैसे लावून पोकर खेळायचे झाले, तर आपल्या राज्यात त्याला तशी मुभा नाही. पोकर हा जुगारच होय, असा निर्वाळा गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि भ्रमणध्वनीवरील वाटही बंद झाली. मग उरते ते गोवा. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे आपल्या राज्यात पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतील तरंगत्या जहाजांवर कॅसिनोंना परवानगी आहे.

गोमंतकीयांना तेथे खेळण्यासाठी प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून ही बंदी लागू करण्यात आली. तरीही हा विषय आपल्याला परका नाही. चतुर्थीच्या रात्री घरोघरी रंगणारे पत्त्यांचे डाव, जत्रेतील जुगाराचे फड आणि अलीकडे हातातल्या पडद्यावर चालणारे शेअर बाजारातील सौदे, या सर्वांत माणसाला बुडवणारी गोष्ट एकच असते. ती म्हणजे हरल्यानंतर सुटलेला तोल. पोकरच्या टेबलावर हा तोल कसा सुटतो आणि जाणकार खेळाडू तो कसा राखतात, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

‘टिल्ट’ म्हणजे काय?

पोकरच्या परिभाषेत मनाचा तोल जाण्याला ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉल या यंत्रावरच्या खेळातून आला. खेळणाऱ्याने रागाने यंत्र हलवले की ते ‘टिल्ट’ असा इशारा देऊन बंद पडते. पोकरमध्ये यंत्राच्या जागी माणूस असतो, मात्र तो बंद पडत नाही. तो खेळत राहतो, आणि धोका तेथेच आहे.

टिल्ट केवळ रागातून येतो असे नाही. चांगला खेळूनही हरलेल्याला अन्यायाची भावना घेरते. कोणाला एका विशिष्ट खेळाडूचा सूड घ्यायचा असतो. कोणाला गेलेली रक्कम उजाडण्यापूर्वी परत मिळवायची असते. सलग जिंकणाऱ्यालाही ‘आज आपले नशीब फळफळले आहे’ असा भ्रम होतो आणि तो नको त्या पत्त्यांवर पैसे लावू लागतो. कारणे निरनिराळी असली, तरी परिणाम एकच : निर्णय घेणारी बुद्धी बाजूला सरते आणि आवेग पत्ते खेळू लागतो.

हरणे इतके का झोंबते?

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे मार्गदर्शक ठरतो. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गमावल्याचे दुःख समान नसते; दुःखाचे पारडे जवळपास दुपटीने जड असते. त्यामुळे तोट्यात गेलेला माणूस, एरवी कधी पत्करला नसता असा धोका केवळ बरोबरी साधण्यासाठी पत्करतो.

यावरचा पहिला उतारा म्हणजे आकड्यांची समज. समजा, तुमच्या हाती एक्क्यांची जोडी आहे आणि समोरच्याकडे बादशहांची. सर्व पैसे पणाला लागले. तुम्ही जिंकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. याचाच अर्थ, शंभरांपैकी सुमारे अठरा वेळा तुम्ही हरणारच. अशी अनुकूल स्थिती पाच वेळा आली, तर पाचही वेळा जिंकण्याची शक्यता अवघी ३७ टक्के उरते. ज्याला हे ठाऊक आहे, तो त्या हरण्याला अन्याय मानत नाही. त्याच्या दृष्टीने निर्णय योग्य होता, फळ प्रतिकूल आले, एवढेच. निर्णयाची पारख फळावरून न करणे, हा पोकरमधील संयमाचा पाया आहे.

महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा या संदर्भात आठवते. कलीने पछाडलेला नल द्यूतात राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजाकडून त्याला अक्षहृदय ही विद्या मिळते. झाडावरची पाने आणि फळे क्षणात मोजणारी ही विद्या मूलतः गणनेची आहे. ती आत्मसात होताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो, ही कथेतील सूचना अर्थपूर्ण वाटते.

प्रत्यक्ष टेबलावरच्या कसोट्या

ऑनलाइन खेळापेक्षा प्रत्यक्ष टेबलावरची परीक्षा वेगळी असते. तेथे तासाभरात साधारण पंचवीस ते तीस डाव होतात आणि त्यांतील बहुतेक वेळा पत्ते टाकून देणेच शहाणपणाचे असते. म्हणजे खेळाचा बराचसा वेळ स्वस्थ बसण्यात जातो. दुरून प्रवास करून, सुट्टी काढून आलेल्याला हे स्वस्थ बसणे सहन होत नाही. कंटाळा, जागरण आणि हाताशी येणारे मद्य यांची त्यात भर पडते. समोरचे चेहरे, टोमणे आणि हसू हेही मनावर आघात करतात.

म्हणून अनुभवी खेळाडू काही नियम टेबलाजवळ जाण्यापूर्वीच ठरवतात. गमावली तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढीच रक्कम सोबत न्यायची आणि ती संपली की उठायचे. उठण्याची वेळही आधीच निश्चित करायची. मोठा डाव हरल्यावर पुढचे दोन-तीन डाव न खेळता टेबलापासून दूर जाऊन पाणी प्यायचे. खेळताना मद्य टाळायचे. प्रत्येक निर्णयापूर्वी, पत्ते चांगले असोत वा वाईट, तितकाच वेळ घ्यायचा. मन शांत असताना ठरवलेले नियम मन बिथरल्यावर उपयोगी पडतात; बिथरलेल्या मनाने नवे नियम करता येत नाहीत.

संयमाची मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संयम म्हणजे जिंकण्याची हमी नव्हे. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून ‘रेक’ या नावाने आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे टेबलावरच्या सर्वांची बेरीज नेहमीच तोट्याची असते, आणि बरोबरीचे खेळणारेही हळूहळू हरतात. शेअर बाजारातील चित्रही फारसे वेगळे नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत वायदे बाजारातील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला.

शिवाय, उठायचे ठरवूनही उठता येत नसेल, हरलेली रक्कम घरच्यांपासून लपवावी लागत असेल, किंवा खेळण्यासाठी उसने पैसे घ्यावे लागत असतील, तर तो प्रश्न संयमाचा राहत नाही. ते व्यसन असते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची हीच केविलवाणी अवस्था वर्णिलेली आहे. आज तिच्यावर उपचार उपलब्ध आहेत. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत सल्ला मिळू शकतो, तसेच केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरातल्या माणसाने हा क्रमांक वेळीच फिरवला, तर बमरोलीतले असो वा बार्देशातले, एखादे घर कर्जाच्या खाईत जाण्यापासून वाचू शकते.