पाणी उडालं, कॅलरी उरल्या

साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला गेलं, की वजनकाट्याच्या आधी अर्धा पेढा हातावर येतो, 'चव तर बघा' म्हणून. सांगली-तासगावच्या सौद्यात व्यापारी बॉक्समधले चार बेदाणे तोंडात टाकल्याशिवाय भाव बोलत नाही. आपणही येता-जाता डब्यातलं मूठभर भडंग उचलतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो. कॅलरी मोजणाऱ्यांच्या वहीत नाश्ता येतो, जेवण येतं, चहासुद्धा येतो. हे मात्र कुठेच येत नाही. एवढ्याशाने काय होतंय?

बरंच होतं. त्याचं कारण या दोन जिल्ह्यांच्या कारागिरीतच आहे. इथले नामांकित पदार्थ तयार होतात ते पाणी उडवून. साधारण चार किलो द्राक्षं जाळीच्या रॅकवर सावलीत दोनेक आठवडे वाळली, की एक किलो बेदाणा हाती येतो. द्राक्षातलं पाणी हवेत जातं, साखर जागेवर राहते. म्हणून १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी, तर तेवढ्याच बेदाण्यात ३०० च्या घरात. म्हशीचं पाचेक लिटर दूध आटवावं, तेव्हा किलोभर खवा मिळतो. तोच पुन्हा खरपूस भाजून कंदी पेढा होतो. वीस ग्रॅमच्या एका पेढ्यात जवळपास कटिंग चहाच्या ग्लासाएवढं दूध आटलेलं असतं, वर साखर वेगळी. गुळाचंही तेच: काहिलीत उसाचा रस आटतो, गोडी ढेपेत उतरते.

याच सातारा जिल्ह्यात याच्या अगदी उलट उदाहरणही पिकतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत ९० टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीला जेमतेम ३०-३५ कॅलरी. तेवढ्याच कॅलरी वीस-पंचवीस बेदाण्यांत मावतात आणि ते बोलता बोलता संपतात.

आता हिशेब मांडू. चवीचा अर्धा पेढा ४०, वीस ग्रॅम बेदाणे ६०, दहा ग्रॅम गुळाचा खडा ३८, शेंगदाणे आणि तेल लागलेलं मूठभर भडंग नव्वदेक. बेरीज सव्वादोनशेच्या पुढे. म्हणजे दिवसभरात ज्वारीची एक भाकरी खाल्ली गेली, पण ती ताटात कधी आलीच नाही.

माणसं आपलं खाणं किती कमी सांगतात, हे शास्त्रज्ञांनी मोठ्या शिताफीने शोधलं, तेही पाण्याच्याच मदतीने. तपासणीसाठी माणसाला खास पाणी प्यायला देतात, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असतात. शरीरातून हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. लघवी तपासून दोघांच्या वेगातला फरक काढला, की शरीराने किती इंधन जाळलं ते कळतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दहा जणांवर ही तपासणी झाली. दिवसाला १२०० कॅलरींच्या आत खाऊनही वजन हटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. चयापचय सर्वांचा ठाकठीक निघाला. नोंदलेलं खाणं मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं. सगळाच दोष चवीपुरत्या घासांचा नसेल, पण असे घास नोंदीतून सहज निसटतात.

म्हणून प्रत्येक दाण्याची नोंद ठेवत बसायचं का? गरज नाही. काकडी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांच्या चार फोडी खुशाल सोडून द्या. जे आटवलंय, वाळवलंय किंवा तेला-तुपात परतलंय, तेवढंच वहीत लिहा. तुमच्या नेहमीच्या मुठीत किती बेदाणे बसतात, किती भडंग बसतं, ते एकदा घरच्या काट्यावर तोलून पाहा. मग रोज काटा काढावा लागणार नाही. आणि पेढा जरूर खा, फक्त खाल्ल्यावर लगेच लिहा. संध्याकाळपर्यंत तो आठवणार नाही.