पोलंडमधील भूमिगत शस्त्रनिर्मिती : ‘ब्वीस्कावित्सा’ची रचना व मर्यादा

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धातील तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा विमाने, रणगाडे व अणुबॉम्ब यांपुरती मर्यादित राहते. शत्रूच्या पहाऱ्याखाली झालेल्या शस्त्रनिर्मितीकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. १९३९ पासून जर्मनीच्या ताब्यात असलेल्या वॉर्सा शहरात ‘आर्मिया क्रायोवा’ या पोलिश भूमिगत सेनेने ‘ब्वीस्कावित्सा’ (अर्थ : वीज) ही सबमशीनगन तयार केली. गुप्ततेच्या गरजेतून तिची रचना कशी घडली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचना व निर्मिती :
लहान कार्यशाळेतही तयार होऊ शकेल अशा शस्त्राची कल्पना १९४२ मध्ये अभियंता वात्सवाफ झाव्रोत्नी यांनी मांडली व सेवेरिन व्येलान्येर यांच्यासह तिचा आराखडा केला. अंतर्गत यंत्रणा ब्रिटिश स्टेनगनवर बेतलेली होती. दुमडता येणारा दस्ता व खालून बसणारे मॅगझिन ही बाह्य ठेवण जर्मन एमपी-४० वरून घेतली होती.

या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे सुटे भाग वेल्डिंगऐवजी आटे व स्क्रू यांनी जोडलेले होते. शांततेच्या काळातील कारखान्यास ही पद्धत वेळखाऊ वाटली असती. परंतु आटे पाडण्याचे काम साध्या लेथवर होत असे व त्यासाठी शस्त्रनिर्मितीतील तज्ज्ञ कारागीर लागत नसत. तारेच्या जाळ्या बनविणाऱ्या कारखान्याच्या आडोशाने हे काम चाले. ९ मि.मी. काडतूस निवडण्यामागेही व्यवहार होता. जर्मन सैन्य हेच काडतूस वापरत असल्याने शत्रूकडून हिसकावलेला दारूगोळा उपयोगी पडे.

मर्यादा :
एकूण सुमारे ७०० बंदुका तयार झाल्या. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साचा उठाव सुरू झाला, तेव्हा हजारो सैनिकांपैकी थोड्यांच्याच हाती शस्त्र होते. ६३ दिवसांनंतर उठाव मोडला गेला. त्यात दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले.

निष्कर्ष :
तंत्रज्ञानाची श्रेष्ठता केवळ कार्यक्षमतेवर मोजता येत नाही, ते कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले याचाही विचार करावा लागतो. त्याचबरोबर, कल्पकतेने गुप्ततेचा प्रश्न सुटला तरी संख्याबळाचा सुटत नाही, हेही या उदाहरणावरून दिसते. म्हणून ‘ब्वीस्कावित्सा’चा अभ्यास वॉर्साने मोजलेल्या किमतीसह करणेच उचित ठरेल.