आवाज तुटतो कुठे? यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधली कडकड आणि खंड
लेखमाला : गावोगावचे ध्वनिमुद्रण – भाग ६

यूएसबी ऑडिओ इंटरफेस हे माइकचा किंवा मिक्सरचा आवाज अंकांत बदलून संगणकाकडे पाठवणारे छोटे उपकरण आहे. सप्ताहातली कीर्तने मुद्रित करण्यासाठी लॅपटॉपला जोडलेला असा इंटरफेस पुरेसा असतो. नेवासे हे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव. तो काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० चा. पैस खांबाच्या दर्शनाला वारकरी तिथे वर्षभर येतात. अशा गावात कीर्तनाचे मुद्रण पुढच्या पिढीसाठीचा ठेवा ठरते. दोन तासांचे कीर्तन पुन्हा त्याच रंगात होत नाही, त्यामुळे मुद्रणात पडलेला खंड नंतर भरून काढता येत नाही. दोषाचे कारण कीर्तन उभे राहण्यापूर्वीच शोधावे लागते.

आधी दोष ओळखावा

सगळ्या खरखरीला ‘आवाज फाटतो’ म्हटले जाते, पण त्यात तीन वेगळे दोष असतात.

पहिला दोष खरोखरच आवाज फाटण्याचा. पखवाजाची थाप किंवा टाळांचा गजर वाढला की आवाज कर्कश होतो आणि पडद्यावरच्या तरंगाचे माथे सपाट कापलेले दिसतात. यात गेन जास्त असते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपत गेन कमी करावे. त्यासाठीची चाचणी एकट्या माणसाच्या बोलण्यावर न करता पूर्ण गजरावर करावी. आवाज मिक्सरमध्येच फाटत असेल, तर इंटरफेसचे गेन उतरवून उपयोग होत नाही.

दुसरा दोष अखंड गुणगुणीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झला ऐकू येते. मिक्सर जनरेटरवर आणि लॅपटॉपचा चार्जर मंदिरातल्या प्लगवर असला, की दोन्हींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे केबलमधून नको तो प्रवाह वाहू लागतो. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर कारण हेच. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, बॅलन्स्ड केबल वापरावी किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स जोडावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.

तिसरा दोष कडकडीचा आणि खंडाचा. आवाज लहान असो वा मोठा, मध्येच टचकन तुटतो. तरंग मोठा करून पाहिला तर त्या जागी एकदम उडी किंवा सरळ रेघ दिसते. पुढचे विवेचन या दोषाचे आहे.

खंड का पडतो

४८ किलोहर्ट्झवर एका सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. २४ बिटच्या दोन ट्रॅकचे हे प्रमाण सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट होते, तर यूएसबी २.० ची कमाल गती ४८० मेगाबिट आहे. म्हणजे वाट अपुरी नसते. अडचण वेळेची असते. आवाजासाठी यूएसबी ठरावीक अंतराने राखीव वेळ देते, पण हुकलेली माहिती पुन्हा पाठवत नाही. संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि आलेले नमुने वेळेत उचलले गेले नाहीत, तर ते कायमचे जातात. उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात आणि त्या जोडावर कडकड ऐकू येते.

केबल, पोर्ट आणि वीज

सर्वांत आधी इंटरफेसवरच हेडफोन लावून थेट माइकचा आवाज ऐकावा. तिथेही कडकड असेल, तर दोष माइक, त्याची केबल किंवा सुटलेला सोल्डर यांत आहे. तिथे आवाज स्वच्छ आणि फाइलमध्ये तुटलेला असेल, तर दोष यूएसबीपासून पुढे आहे. ऐकताना कडकड येते पण तीच फाइल दुसऱ्या संगणकावर स्वच्छ वाजते, असे झाल्यास मुद्रण सुरक्षित आहे; फक्त वाजवण्याची बाजू बिघडली आहे.

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. कंडेन्सर माइकसाठी लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही त्यातूनच तयार होते. वेगळी वीज नसलेल्या हबवर इंटरफेस, पेनड्राइव्ह आणि वेबकॅम एकत्र लावले की व्होल्टेज पडते, इंटरफेस क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सेकंदभराचा खंड पडतो. त्यामुळे इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला, आखूड आणि चांगल्या केबलने जोडावा. मंडपात लांब अंतर गाठायचे असेल, तर माइकची केबल लांबवावी, यूएसबीची नाही.

बफर

संगणक नमुने एकेक न उचलता गठ्ठ्याने उचलतो. या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर ६४ नमुन्यांच्या बफरला संगणकाकडे १.३ मिलिसेकंद असतात, २५६ ला ५.३ आणि १०२४ ला २१.३. बफर वाढवला की आवाज ऐकू येण्यास उशीर होतो, पण खंडाची शक्यता घटते. कीर्तन नुसते मुद्रित करायचे असते आणि ऐकणे थेट इंटरफेसवरून होते, तेव्हा या उशिराने काहीच बिघडत नाही. अशा कामाला ५१२ किंवा १०२४ चा बफर ठेवावा. विंडोजवर उत्पादक कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असल्यास तोच वापरावा.

संगणकातली इतर कामे

बफर मोठा असूनही खंड पडत असेल, तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवत असतो. वाय-फाय आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर इथे वारंवार सापडतात. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्रॅम चालवला की कोणता ड्रायव्हर किती वेळ घेतो ते दिसते. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय, ब्लूटूथ, अपडेट आणि क्लाउडवर फाइल चढवणे बंद ठेवावे.

लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. नेमक्या त्याच वेळी कडकड सुरू होते आणि दोष जनरेटरला दिला जातो. यासाठी पॉवर सेटिंगमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे, तेही प्लग आणि बॅटरी या दोन्ही स्थितींसाठी. उन्हाळ्यात तापलेला लॅपटॉपही वेग कमी करतो. तो गादीवर न ठेवता खालून हवा लागेल असा ठेवावा.

घड्याळांचा मेळ

ठरावीक अंतराने येणारी बारीक टकटक वेगळे कारण सांगते. सॉफ्टवेअर ४४.१ किलोहर्ट्झवर आणि इंटरफेस ४८ वर असणे, किंवा दोन डिजिटल उपकरणे आपापल्या घड्याळावर चालणे, हे ते कारण. घड्याळांत दहा लाखांत ५० इतकाच फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला २.४ नमुन्यांचा मेळ सुटतो. सर्वत्र एकच सॅम्पल रेट ठेवावा आणि डिजिटल जोडणीत एकाच उपकरणाला मुख्य घड्याळ करावे.

तपासणीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी थेट हेडफोन, मग केबल, पोर्ट, बफर, सॅम्पल रेट, ड्रायव्हर आणि शेवटी पॉवर सेटिंग. दोन बदल एकदम केले, तर दोष जातो पण कारण कळत नाही आणि पुढच्या सप्ताहात तो परत येतो. प्रत्येक बदलानंतर निदान अर्धा तास मुद्रण करावे, कारण काही खंड वीस मिनिटांतून एकदाच पडतात. दोन ट्रॅकच्या दोन तासांच्या मुद्रणाला सुमारे २.१ गिगाबाइट जागा लागते. तेवढी जागा रिकामी आहे ना, हे आधी पाहावे. त्याशिवाय मिक्सरवरून दुसरी जोडणी एखाद्या स्वतंत्र रेकॉर्डरला द्यावी. लॅपटॉप ऐनवेळी अडला, तरी कीर्तन हाती राहते.