कुकडीकाठची पांढरी राख

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.ने नारायणगावला उतरावे आणि पूर्वेची वाट धरावी. ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधून जाणारा हा रस्ता जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक या गावी पोचतो. गाव लहान, कुकडी नदीच्या काठावर वसलेले. पाहण्यासारखे येथे काय आहे, असे आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी गाडीतच विचारले होते. मी म्हटले, “राख!” सगळे हसले.

नदीच्या काठावर पोचलो तेव्हा मात्र हसू थांबले. येथे कुकडीने आपलाच जुना गाळ कापून काढला आहे. त्यामुळे मातीची उभी भिंत तयार झाली असून तिच्यात जागोजाग घळी पडल्या आहेत. तळाशी काळा बेसाल्ट, त्यावर गोट्यांचा थर, वर तांबूस-पिवळी माती आणि या सगळ्यांच्या मध्येच एक फिकट, पांढुरका पट्टा! काही ठिकाणी तो वीतभर, काही ठिकाणी त्याहून जाड. चिमूटभर माती बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ लागते, पण किंचित खरखरही जाणवते.

“सर, ही चुनखडी असेल,” एक मुलगा म्हणाला. शंका रास्त होती. आपल्या नद्यांच्या गाळात चुनखडीचे पांढरे खडे भरपूर असतात. आम्ही सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली बरोबर नेली होती. घळीतल्या एका खड्यावर थेंब टाकताच तो फसफसला. पांढऱ्या पट्ट्यातल्या स्वच्छ चिमटीवर टाकला, तर काहीच नाही. म्हणजे हा चुना नव्हे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ती काच असल्याचे दिसते. कण पारदर्शक, वाकडे, फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडांसारखे. काही तर इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे. तीन बुडबुडे जेथे एकमेकांना भिडले होते, तेथला तो तुकडा. वायूने फसफसणारा शिलारस ज्वालामुखीच्या तोंडातून उडाला, क्षणात थिजला आणि त्याचा चुरा झाला.

पण महाराष्ट्रात ज्वालामुखी कोठला? आपला सह्याद्री ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा आहे हे खरे. पण ते उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तो लाव्हा काळा. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. बोरीच्या काचेत ती सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. तेव्हा ही राख येथली नव्हेच. तिचे माहेर सापडले ते इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर, तोबा येथे. बोरीपासून सरळ रेषेत सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर! तेथे आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. ते म्हणजे त्या ज्वालामुखीचे खचलेले तोंड. सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महास्फोटात दोन हजार घन किलोमीटरहून अधिक द्रव्य बाहेर पडले. त्याची राख बंगालच्या उपसागराच्या तळाशी, मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात आणि आंध्रातील ज्वालापुरम येथेही मिळाली आहे.

आता खरी गंमत, किंवा खरे भांडण म्हणा. तोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे १२ लाख, ८ लाख आणि ५ लाख वर्षांपूर्वीही तेथे मोठे उद्रेक झाले होते. मग बोरीची राख कोणत्या उद्रेकाची? याला महत्त्व का, तर राखेच्या जवळच्या थरांत माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली आहेत. हातात धरायच्या दगडी कुऱ्हाडी, अश्युलियन पद्धतीच्या. राखेचे वय कळले, तर कुकडीकाठी माणूस केव्हापासून होता त्याचा अंदाज बांधता येईल.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८०च्या दशकात येथे काम सुरू केले. १९८९ मध्ये राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये ते ६ लाख ७० हजारांवर आले. १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने काचेचे रासायनिक पृथक्करण करून सांगितले की, भारतातली तोबाची सगळी राख ७५ हजार वर्षांपूर्वीचीच आहे! एकाच राखेची तीन वये, आणि तीही जाणत्या शास्त्रज्ञांनी काढलेली.

हे कसे होते? पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार हळूहळू आरगॉन वायूत बदलतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो. शिलारस तप्त असताना आरगॉन निसटून जातो आणि थिजल्यावर साठू लागतो. साठलेला आरगॉन मोजा, वय काढा. पण नदी निवडून टिपून राख ठेवत नाही. वाहताना ती सह्याद्रीचे जुने कणही त्यात मिसळते. वहीत हे गणित करून पाहा: राखेचे ९९ भाग ७५ हजार वर्षांचे आणि एकच भाग साडेसहा कोटी वर्षांचा, दोहोंत पोटॅशियम सारखे धरले, तर सरासरी वय येते सुमारे सव्वासात लाख वर्षे! प्रत्यक्षात बेसाल्टात पोटॅशियम कमी असते, म्हणून भेसळ थोडी अधिक लागेल. पण धोका कळला ना?

म्हणून लगेच ७५ हजारांवर शिक्कामोर्तब करू नका. इतक्या अलीकडे अशा जुन्या धाटणीच्या कुऱ्हाडी कशा, असे पुरातत्त्वज्ञ विचारतात. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे अशी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले आहे. शिवाय नदी जुन्या थरातले हत्यार उकरून नव्या थरात नेऊन टाकू शकते. थराचे वय म्हणजे हत्याराचे वय नव्हे. मला स्वतःला हा वाद अजून मिटलेला वाटत नाही.

आमच्यातल्या एका मुलीने धारदार दगड उचलला होता. तो कोठे पडला होता ते तिला नेमके सांगता येईना. तिला तो परत ठेवायला लावला, तेव्हा ती जरा हिरमुसली. पण जागा हरवलेला दगड संशोधकाला मुका असतो.

शेजारच्या शेतात जमीन सपाट करण्याचे काम चालले होते. शेतकरी आजोबा बांधावर आले. “गुरुजी, घळीत काय पिकतंय? सपाट केली तर दोन वाफे तरी होतात,” ते म्हणाले. त्यांचेही खरेच होते. पण यंत्राच्या एका फावड्यासरशी घळीची कड खाली आली आणि पट्टा, गोटे, माती सगळे एक झाले. मुलांनी आजोबांना चिमूटभर राख भिंगाखाली दाखवली. “हे समुद्रापल्याडचं?” म्हणत त्यांनी ती दोनदा पाहिली. मग नदीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “तेवढा टेंभा राहू दे. तसंही तिथं पाणी चढत नाही.”

परतीच्या वाटेवर खोडदजवळ मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या दिसल्या. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, तेथे मोठे प्रदर्शन भरते. त्या वेळी गेलात तर बोरीही जवळच आहे. आम्लाची बाटली मात्र शिक्षकांच्याच हाती द्या, आणि भिंग विसरू नका.