उतरवून काढलेले ज्ञान आणि स्वतःचे चार शब्द

पेशी म्हणजे काय, ग्रहण कसे लागते, हे शोधायला आज घराघरात मोबाईलवर विकिपीडिया उघडला जातो. २००१ साली सुरू झालेला हा इंटरनेटवरील ज्ञानकोश फुकट आहे. मराठीत तो २००३ पासून आहे. तो लिहितो कोण? पगारी पंडित नव्हेत. वाचणाराच लिहितो.

म्हणून २०१० साली अमेरिकेतील काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी या कोशात लेख लिहायला लावले गेले. निबंध तपासून झाला की रद्दीत जातो, लेख मात्र चारचौघांच्या उपयोगी पडतो. पुढच्याच वर्षी हा प्रयोग पुण्यात झाला. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र शिकणारी शेकडो मुलेमुली इंग्रजी विकिपीडियावर लिहू लागली. परंतु अनेकांनी पुस्तकांतील मजकूर जसाच्या तसा उतरवला. हा लेखनहक्काचा भंग. तो शोधून काढताना कोशाचे जुने स्वयंसेवक थकून गेले आणि २०११ सालीच तो प्रयोग थांबवावा लागला.

या मुलांना चोर म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. गाइडमधले उत्तर शब्दशः उतरवले की पूर्ण मार्क, हे त्यांना शाळेपासून कोणी शिकवले? त्यात भाषा परकी, आणि शिकवायला जाणकार माणसे मोजकी.

आमच्या मते उपाय घरातच आहे. वाचावे, पुस्तक मिटावे, आईला सांगावे आणि तिला समजले तेच लिहावे. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? वाफ कोंडल्याने दाब वाढतो, आणि पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. हे तिला पटले, तर वाक्य जमले! मात्र आकडा कोणत्या पुस्तकातला, हे खाली द्यावेच लागते.

मराठी विकिपीडियावर सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. तेथे चुकले तरी बिघडत नाही. प्रत्यक्ष लेखातील प्रत्येक बदलही ‘इतिहास’ या ठिकाणी नोंदला जातो आणि चुकीचा असेल तर दुसरा कोणी तो मागे घेतो. त्याचा राग मानू नये, कारण विचारावे. सुरुवातीलाच मोठ्या लेखाला हात घालण्यापेक्षा एखादी चुकलेली तारीख दुरुस्त करावी. आणि टोपणनाव चालते, तेव्हा घरचा पत्ता, फोन नंबर तेथे मुळीच लिहू नये.