उत्पन्नातील विषमता : कायम आणि ऐवजदार

सरकारी पगारातील अंतर सांगताना सहसा वरच्या पगाराची खालच्या पगाराशी तुलना होते. सातव्या केंद्रीय वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० आणि सचिवांचे २,२५,००० रुपये झाले, म्हणजे साडेबारा पट. गांधीजींचे माप वेगळे होते. मार्च १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयच्या महिना २१,००० रुपयांच्या पगारासमोर शिपायाचा नव्हे, तर सामान्य भारतीयाची रोजची दोन आण्यांहूनही कमी कमाई ठेवली. तो फरक पाच हजार पटींहून अधिक भरला. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने सरकारी नोकराचा पगार सर्वसाधारणपणे ५०० रुपयांच्या आत असावा, असा ठराव केला.

साडेबारा पटींच्या हिशेबात कचेरीबाहेरचा माणूस येतच नाही. वेतन आयोगासाठी अहमदाबादच्या आयआयएमने केलेल्या पाहणीत सर्वांत खालच्या सरकारी मदतनिसाला भत्त्यांसह २२,५७९ रुपये पडत होते. खासगी आस्थापनांत त्याच कामाचे ८,००० ते ९,५०० मिळत. महाराष्ट्रात राज्य सरकारची सर्वांत खालची वेतनश्रेणी १५,००० पासून सुरू होते. राज्यात मनरेगाची, म्हणजे ग्रामीण रोजगार हमीची, २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस काम मिळालेच, तर वर्षाचे ३१,२०० होत. राज्य सरकारी शिपायाचे दोन महिन्यांचे मूळ वेतन जवळपास तेवढे. सरकारी पगाराला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची जोड मिळते. किमान वेतनातही तशी तरतूद आहे, पण नाक्यावरच्या मजुरापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

रोजगार हमीचा आधारही हद्दीवर ठरतो. नागपूरच्या दक्षिण टोकाचे हुडकेश्वर हे गाव २०१३ मध्ये नरसाळ्यासह महानगरपालिकेत आले. शेतांवर ले-आउट पडत गेले, बांधकामे वाढली. रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता असल्याने हद्द बदलताच इथल्या मजुराचा तो हक्क संपला. त्याची मजुरी आता केवळ ठेकेदाराच्या हाती राहिली.

महापालिकेच्या आतही एक भिंत आहे. कायम सफाई कामगाराच्या जागी रोजंदारीवर राबणाऱ्याला नागपुरात ऐवजदार म्हणतात. झाडू तोच, रस्ता तोच. पूर्ण पगार, रजा आणि निवृत्तिवेतन मात्र कायम असलेल्यालाच. वीस वर्षे सेवा झालेल्या ऐवजदारांना कायम करण्याचा निर्णय पुढे झाला, हे चांगलेच झाले. पण माणसाची उमेदीची सगळी वर्षे त्यात गेली, आणि त्या वर्षांच्या पगारातला फरक त्यांच्या मुलांच्या शिक्षणातून वजा झाला.

संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये समान कामाला समान वेतनाचे तत्त्व आहे. जगजीत सिंग खटल्यात २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेऊन, कायम कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन देय ठरवले. अंगणवाडी सेविकेला मात्र पगार नव्हे, मानधन मिळते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ते ८,३२५ वरून १०,००० रुपये झाले, तरीही ते राज्याच्या सर्वांत खालच्या मूळ वेतनाच्या दोन तृतीयांशच होते.