ख्रिस्ती माणसाने नाताळ पाळावा का? एका प्रश्नातले तीन प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमचा संशोधन प्रश्न काय?' असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. प्रश्न म्हणजे काय, तो फोडायचा कसा, हे आज एका जुन्या वादावरून पाहू. ख्रिस्ती लोकांनी नाताळ धार्मिक सण म्हणून पाळावा का? 'नको' म्हणणारेही श्रद्धावान ख्रिस्तीच आहेत, हे आधी ध्यानात घ्या.

पहिला प्रश्न : तारीख आली कुठून?

येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे, आणि दोन्हींत तारीख नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना भक्कम पुरावा म्हणजे रोममधलं इ.स. ३५४ चं एक पंचांग. गंमत अशी, की 'अजिंक्य सूर्या'च्या जन्मदिनाची २५ डिसेंबरची नोंदही त्याच दस्तऐवजात सापडते. मग कोणी कोणाचं उचललं? नुसत्या या पंचांगावरून ते ठरत नाही.

दुसरं गृहीतक असं : येशूचा मृत्यू आणि गर्भधारणा एकाच तारखेला, २५ मार्चला, असं मानून पुढे नऊ महिने मोजले. पूर्वेकडे ६ एप्रिल धरत, म्हणून ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीच पाळतं. दोन्ही तारखांचा उलगडा होतो, ही या गृहीतकाची जमेची बाजू. पण हेही सिद्ध झालेलं नाही. एकाच वेळी दोन गृहीतकं डोक्यात बाळगायची सवय लावून घ्या.

दुसरा प्रश्न : उगम परका, म्हणून सण त्याज्य?

समजा, तारीख खरंच सूर्यपूजेतून आली. तरी 'म्हणून पाळू नये' हे आपोआप सिद्ध होत नाही. ही वेगळी पायरी आहे आणि तिला वेगळं कारण द्यावं लागतं.

इथे आपल्याकडचंच उदाहरण पाहा. आमच्या लोणी काळभोरवरून जाणारा लोहमार्ग दौंडमार्गे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) पोचतो. तिथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली काम सुरू केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक या मिशनशी जोडले गेले. त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजनाचा घाट वापरला. हा घाट वारकरी परंपरेचा. उगमावरून नाताळ बाद केला, तर त्याच न्यायाने टिळकांचे अभंगही बाद करावे लागतील. म्हणजे वाद एका तारखेपुरता राहत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या मातीतलं काय सोबत न्यावं, इथपर्यंत तो येतो.

तिसरा प्रश्न : अधिकार कोणाचा?

विरोधकांचा खरा जोर इथे आहे, आणि तो टाळणं म्हणजे संशोधनात लबाडी. याच मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत आले, ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशातले. तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळल्यास पाच शिलिंग दंड होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी १८५६ साली आली. त्यांचा मुद्दा साधा होता : शास्त्रात ज्याची आज्ञा नाही, तो दिवस चर्चने बंधनकारक का करावा?

वसईत मात्र पोर्तुगीज काळापासून कॅथलिक परंपरेत हा सण होताच. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजमधून आलेला. पुढे १९७० साली मिशनच्या परंपरेतली मंडळं चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. तिथे अँग्लिकन परंपराही सामील झाली, आणि तिच्या पंचांगात नाताळ हा मोठा सण. दोन्ही वारसे एका छताखाली आले.

मग पाळावा का? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो, की कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. त्या आधारे मला पटतं ते असं : श्रद्धेने पाळायला हरकत नाही, सक्ती मात्र नको आणि न पाळणाऱ्याला हिणवणंही नको. पण हे माझं मूल्यनिवाड्यातलं उत्तर आहे. ते पुरावा म्हणून मांडता येणार नाही.

आता तुमचा प्रश्न घ्या. कागदावर तीन रकाने करा : पुराव्याने ठरणारं, तर्काने ठरणारं आणि मूल्यांनी ठरणारं. पहिला रकाना रिकामा राहिला, तर प्रश्न पुन्हा लिहा आणि मगच गाइडकडे जा.